भोंगा वाजेल काय? : इशारायंत्रांचे स्थितिनिरीक्षण आणि दोषशोधन

मराठीत ज्याला आपण भोंगा म्हणतो, त्याला इंग्रजीच्या वाटेने आलेले ‘सायरन’ हे नाव आता सर्वत्र रूढ झाले आहे. या नावाचा इतिहास मोठा विलक्षण आहे. ग्रीक पुराणांतील सायरेन या समुद्रकाठी राहून मधुर गाणे गाणाऱ्या मायाविनी होत्या. त्यांच्या गाण्याला भुलून खलाशी आपली जहाजे खडकांवर नेत आणि प्राणास मुकत. 1819 साली कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने छिद्रे पाडलेली तबकडी फिरवून नाद निर्माण करणारे एक उपकरण रचले. ते पाण्याखालीही आवाज देऊ शकत असे, म्हणून त्याने जलवासिनी सायरेनांचे नाव त्याला दिले. पुढे याच तत्त्वावर धोक्याची सूचना देणारी यंत्रे तयार झाली. जिचा आवाज ऐकून माणसे मृत्यूकडे जात, तिचेच नाव माणसांना मृत्यूपासून दूर नेणाऱ्या यंत्राला मिळाले. आपला ‘भोंगा’ मात्र सरळ स्वभावाचा शब्द आहे. यंत्राचा आकार आणि त्याचा आवाज ही दोन्ही त्या दोन अक्षरांत सामावली आहेत.

भाषेच्या अध्यापकाने यंत्राविषयी बोलावे काय, असा प्रश्न व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काही माजी विद्यार्थ्यांनी केला होता. त्याचे उत्तर असे की, इशारा ही मुळात भाषेतलीच घटना आहे. कोणी काही सांगितले, दुसऱ्याने ते ऐकले आणि त्याचा अर्थ ओळखला, म्हणजे इशारा पूर्ण झाला. आपल्याकडे कोतवाल डफडे वाजवून दवंडी देत असे, तेव्हा या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हाती होत्या. लोक दारात आले की नाही हे त्याला दिसत असे, आणि आले नाहीत तर तो पुन्हा ओरडे. भोंग्याने आवाज शतपटीने वाढवला खरा, परंतु सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामधला तो डोळ्यांचा दुवा तोडला. हा तुटलेला दुवा यंत्राच्या साहाय्याने पुन्हा जोडणे म्हणजेच ज्याला तंत्रज्ञ ‘स्थितिनिरीक्षण’ म्हणतात ते.

जुन्या गिरण्यांचा भोंगा आठवा. 1877 साली सुरू झालेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांनी सबंध शहरांना घड्याळ शिकवले. पाळीचा भोंगा झाला की चुली पेटत, डबे भरले जात. अशा भोंग्याची वेगळी तपासणी करावी लागत नसे, कारण तो दररोज वाजे आणि एक दिवस चुकला तर हजारो माणसांच्या ध्यानी येई. सारे शहरच त्याचे निरीक्षक होते. आपत्तीच्या सूचनेसाठी बसवलेल्या भोंग्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. तो कधीही वाजू नये अशीच आपली इच्छा असते. तो गप्प आहे म्हणजे धोका नाही असे आपण समजतो. परंतु गप्प राहण्याची कारणे दोन असू शकतात. एक, धोका नाही. दुसरे, भोंगा मेलेला आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ही दोन मौने सारखीच दिसतात. या विषयाची सारी अडचण या एका गोष्टीत आहे.

अशा बिघाडाला सुप्त बिघाड म्हणावे. पंखा बिघडला तर उकडू लागते आणि बिघाड कळतो. भोंगा बिघडला तर काहीच घडत नाही. येथे थोडे अंकगणित उपयोगी पडेल. भोंग्याची चाचणी वर्षातून एकदाच होत असेल आणि मधल्या काळात केव्हातरी तो नादुरुस्त झाला असेल, तर तो बिघाड सरासरी सहा महिने कोणाच्याही लक्षात न येता पडून राहील. चाचणी दरमहा झाली तर हा काळ सरासरी पंधरा दिवसांवर येतो, दर आठवड्याला झाली तर साडेतीन दिवसांवर. यंत्र तेच, त्याची मजबुती तीच; फक्त विचारपूस वाढली. फ्रान्समध्ये दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारच्या सुमारास आणि नेदरलंड्‌समध्ये पहिल्या सोमवारी दुपारी बारा वाजता भोंगे वाजवून पाहण्याची प्रथा पडली, ती याच हिशेबातून.

आता यंत्राच्या अंतरंगाकडे वळू. भोंग्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिला मोटारीवर चालणारा. यात एक फिरते चाक असते आणि त्याभोवती एक स्थिर कडे. दोन्हींना खाचा असतात. चाक फिरू लागले की ते हवा आत ओढून खाचांतून बाहेर फेकते. खाच खाचेसमोर आली की हवा सुटते, आड आली की अडते. हवेचा असा तुकड्या-तुकड्यांनी होणारा झोत म्हणजे तो नाद. चाकाला दहा खाचा असतील आणि मोटार मिनिटाला सुमारे 2900 फेरे घेत असेल, तर सेकंदाला साधारण 48 फेरे आणि 480 आवर्तनांचा स्वर मिळतो. मोटारीचा वीजपुरवठा थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असे करीत गेले की वेग वर-खाली होतो आणि तो परिचित चढउताराचा आक्रोश ऐकू येतो. आपल्या नागरी संरक्षणाच्या संकेतांत चढउताराचा आवाज म्हणजे धोका आणि एकसुरी लांब आवाज म्हणजे धोका टळला. दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक. त्यात फिरणारे काही नसते. ध्वनी निर्माण करणारे मंडल, तो वाढवणारे ॲम्प्लिफायर आणि कर्णे असतात, आणि हे सर्व बहुधा बॅटरीवर चालते. त्याला माणसाच्या आवाजात सूचनाही देता येते, हा त्याचा मोठा गुण.

बिघाड दोन्हींत होतात, पण वेगवेगळे. मोटारीच्या भोंग्याचे दुखणे संत्र्याच्या बागा राखणाऱ्या पांढुर्णा-सौंसरच्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरजच नाही. विहिरीवरची तीन फेजची मोटार एक फेज गेली की घुमत राहते, फिरत नाही, आणि वेळीच बंद केली नाही तर जळते. भोंग्याच्या मोटारीचेही असेच होते. विहिरीवरची मोटार जळली तर संध्याकाळपर्यंत कळते, कारण पाणी येत नाही. भोंग्याची जळली तर पुढल्या चाचणीपर्यंत कळत नाही. याखेरीज वर्षानुवर्षे न हललेल्या चाकाचे बेअरिंग गंजते, स्टार्टरमधील कॉन्टॅक्टरचे संपर्कबिंदू काळे पडतात, उंदीर तारा कुरतडतात. कर्ण्यांमध्ये पाखरे घरटी करतात, आणि कुंभारीण माशीने मातीचे घर बांधून एखादे छिद्र पार बुजवून टाकावे हेही नवल नाही. निसर्गाला रिकामी जागा दिसली की तो ती वापरतो. भोंगा ही त्याच्या दृष्टीने वर्षभर रिकामी असलेली जागा आहे.

इलेक्ट्रॉनिक भोंग्याचे मर्मस्थान बॅटरी. येथे एक फसवणूक नेहमी घडते. बारा व्होल्टच्या बॅटरीला मापक लावला आणि काटा साडेबाराच्या वर गेला की तपासणारा समाधानाने वहीत ‘ठीक’ अशी नोंद करतो. परंतु हे बॅटरीचे विश्रांतीतले रूप झाले. म्हातारी बॅटरी बसल्या जागी तरुण बॅटरीइतकीच टवटवीत दिसते. तिच्यावर भार टाकला की सेकंदांत तिचा दम निघतो. म्हणून भार टाकून, म्हणजे प्रत्यक्ष प्रवाह ओढून, व्होल्टेज किती खाली जाते हे पाहिले तरच तिची प्रकृती कळते. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षे धरतात. आपल्याकडच्या वैशाखात पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या बॅटरीने यातील खालचा आकडा गाठला तरी पुष्कळ. पेटी सावलीत असणे, तिला वारा खेळता असणे आणि बॅटरी बसवल्याची तारीख तिच्यावर ठळक लिहिलेली असणे, या तीन बिनखर्ची गोष्टींनी जेवढे साधते तेवढे महागड्या उपकरणांनीही साधत नाही.

प्रत्येक वेळी गावभर आवाज करून पाहणे शक्य नसते. यावर तंत्रज्ञांनी निःशब्द चाचणीचा मार्ग काढला. मोटारीच्या भोंग्याला क्षणभरच वीज देतात. चाक जरासे हलते, पण स्वर धरण्याआधीच थांबते. तेवढ्यात मोटारीने किती प्रवाह ओढला हे मोजले जाते. प्रवाह शून्य असेल तर तार तुटली आहे, अवाजवी असेल तर चाक अडकले आहे. इलेक्ट्रॉनिक भोंग्यात माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंपनसंख्येचा ध्वनी सोडून प्रत्येक ॲम्प्लिफायर आणि कर्णा काम देतो की नाही हे पाहतात.

येथे नियंत्रण कक्षाचा संबंध येतो. जुन्या व्यवस्था एकेरी होत्या. कक्षातून बिनतारी आज्ञा सुटे. ती पोचली की नाही हे कक्षाला कळण्याचा मार्ग नसे. ज्या पत्राला उत्तर येण्याची सोयच नाही असे पत्र टपालात टाकावे, तसा हा प्रकार. दुहेरी व्यवस्थेत भोंगा उत्तर देतो. या उत्तरात तीन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात. आज्ञा पोचली काय? यंत्राने ती पाळली काय, म्हणजे मोटारीने प्रवाह घेतला काय? आणि प्रत्यक्ष आवाज झाला काय? पहिल्याचे उत्तर ‘होय’ आले म्हणून तिसऱ्याचे तेच असेल, असे नव्हे. आज्ञा पोचूनही कॉन्टॅक्टर चिकटलेला असू शकतो, मोटार फिरूनही छिद्रे बुजलेली असू शकतात. म्हणून काही ठिकाणी भोंग्याजवळ एक ध्वनिग्राहक बसवून आवाजाचीच साक्ष घेतात. याशिवाय मुख्य वीज आहे की नाही, बॅटरीचे व्होल्टेज, पेटीचे दार उघडे तर नाही, या गोष्टी ठरावीक वेळाने आपोआप कळवल्या जातात. सर्वांत महत्त्वाची बातमी मात्र न येणाऱ्या बातमीची असते. दर तासाला ‘मी आहे’ असे सांगणारा भोंगा एका तासाला बोलला नाही, तर त्याच तासाला कोणीतरी उठून पाहिले पाहिजे. कक्षातील पडद्यावर लाल ठिपका आठवडाभर दिसत राहिला आणि सर्वांना त्याची सवय झाली, तर ते स्थितिनिरीक्षण नव्हे. तो केवळ पडदा.

बिघाड आहे एवढे कळल्यावर तो कोठे आहे हे शोधणे हे दोषशोधन. वैद्यक आणि व्याकरण यांत जी शिस्त लागते तीच येथे लागते. पहिला प्रश्न : सर्व भोंगे गप्प आहेत, काही गप्प आहेत, की एकच? सर्व गप्प असतील तर दोष कक्षात किंवा मुख्य प्रक्षेपकात शोधावा; खांबांवर चढण्याची घाई करू नये. एका दिशेचे चारपाच गप्प असतील तर त्या बाजूचा मधला पुनःप्रक्षेपक किंवा विजेचा फीडर पाहावा. एकच गप्प असेल तर त्या जागी जावे. तेथेही क्रम आहे. आधी तेथील हाताने चालू करण्याचे बटण दाबावे. भोंगा वाजला, तर मोटार, वीज, कर्णा हे सर्व निर्दोष ठरले आणि शोध आज्ञा घेणाऱ्या भागापुरता उरला : ॲन्टेना, तिची केबल, ग्राहकयंत्र, रिले. नाही वाजला, तर आज्ञेचा भाग बाजूला ठेवून वीज, फ्यूज, कॉन्टॅक्टर, मोटार या क्रमाने जावे. एका बटणाने अर्धे क्षेत्र वगळले जाते, हे या पद्धतीचे सौंदर्य. एका वेळी एकच वस्तू बदलावी. तीन वस्तू एकदम बदलून भोंगा सुरू झाला तर आनंद होतो, पण कारण कळत नाही, आणि कारण न कळलेला बिघाड पाहुण्यासारखा परत येतो. येऊन-जाऊन असणारे दोष सर्वांत त्रासदायक. पावसाळ्यात भोंगा मुका आणि तपासणीस माणूस येतो त्या उन्हाच्या दिवशी बोलका. अशा वेळी तारीख, वेळ, पाऊस-ऊन यांची नोंदवहीच खरी निदान करते. ॲन्टेनाच्या जोडात शिरणारे पाणी वहीच्या पानांवर आधी दिसते, डोळ्यांना नंतर.

यंत्र ठीक असले तरी आवाज पोचेलच असे नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी 6 डेसिबलने उतरते. घरे, झाडे, उंचसखलपणा धरून आराखडे करताना पुष्कळदा 10 डेसिबलची घट धरतात. भोंग्यापासून 30 मीटरवर 120 डेसिबल असतील तर या हिशेबाने 240 मीटरवर 90 आणि 960 मीटरवर 70 उरतात. वाहत्या रस्त्याचा गोंगाटही तेवढाच असतो. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून ध्वनी वर वळतो आणि दूरच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातो. शांत रात्री तोच खाली वाकतो आणि दुप्पट अंतरावर ऐकू येतो. उन्हाळ्यात आपल्या घरोघरी कूलर घरघरतात. बंद खोली आणि चालू कूलर असताना रस्त्यापलीकडचा भोंगाही कानावर येणार नाही. बाहेरचा भोंगा हा बाहेरच्या माणसांसाठीच असतो, ही मर्यादा गृहीत धरावी लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमारीला जो कल्लोळ असतो, त्यात भोंगा कोणाला कितपत ऐकू येईल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

या सर्व यांत्रिक तपशिलांचा शेवट माणसांच्या प्राणांत होतो, याचे सर्वांत दारुण उदाहरण आपल्याच राज्याच्या राजधानीचे आहे. 1984 च्या 2 डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला. पाऊण वाजण्याच्या सुमारास कारखान्याचा भोंगा वाजला. परंतु 1982 मध्ये आतल्या कामगारांसाठीचा आणि बाहेरच्या वस्तीसाठीचा असे दोन भोंगे एकमेकांपासून विलग केले होते, किरकोळ गळतीने वस्ती घाबरू नये म्हणून. त्यामुळे बाहेरचा भोंगा थोड्याच वेळात बंद करण्यात आला आणि आतला चालू राहिला. बाहेरचा पुन्हा वाजला तो दोन वाजून गेल्यावर. तोपर्यंत वायू वस्तीत भरला होता. येथे भोंगा बिघडला नव्हता, तार तुटली नव्हती. बिघाड नियमात होता. लोक घाबरू नयेत या काळजीपोटी केलेली योजनाच लोकांच्या मुळावर आली. त्या कारखान्यात शीतकरण यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. एकेक सुप्त बिघाड साठत गेला होता. या दुर्घटनेनंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा, 1987 ची कारखाना कायद्यातील दुरुस्ती आणि घातक रसायनांविषयीचे 1989 चे नियम आले. कारखान्याच्या आतील आपत्ती योजनेची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी आणि बाहेरच्या योजनेची वर्षातून निदान एकदा व्हावी, असे या नियमांत आहे.

तरीही 7 मे 2020 च्या पहाटे विशाखापट्टणमजवळ एलजी पॉलिमर्स कारखान्यातून स्टायरीन वायू सुटला, तेव्हा भोंगा वाजवला गेला नाही. चौकशी समितीला असे आढळले की तो सुरू करण्यासाठी कारखान्यात 36 ठिकाणी सोय होती. बटणे 36 होती, दाबणारा हात नव्हता. भोपाळ आणि विशाखापट्टणम यांमध्ये 35 वर्षे गेली होती.

पाण्याची गोष्ट याहून आपल्या जवळची आहे. 7 एप्रिल 2005 रोजी देवास जिल्ह्यात धाराजी येथे भुतडी अमावास्येच्या यात्रेसाठी नर्मदेच्या पात्रात लोक जमले होते. वर इंदिरा सागर धरणातून सोडलेल्या पाण्याने पात्र चढले आणि साठांहून अधिक यात्रेकरू बुडाले. 8 जून 2014 रोजी हिमाचलात बियास नदीत लारजी धरणाच्या पाण्याने हैदराबादचे 24 विद्यार्थी वाहून नेले. धरणावरील माणसाला दार उघडल्याचे माहीत असते, पात्रातील माणसाला नसते. या दोघांमधला निरोप्या म्हणजे भोंगा. तो धरणाच्या भिंतीवर वाजून भागत नाही. पाणी पोचण्यापूर्वी, जेथे माणसे पात्रात उतरतात त्या घाटावर तो वाजला पाहिजे. कन्हान, जाम, पेंच या आपल्या नद्यांची पात्रे वर्षातले कितीतरी महिने चालत ओलांडण्याजोगी असतात. त्यामुळे पात्रात माणूस, गुरे, वाळूच्या गाड्या असणे हे येथे नित्याचे आहे.

भोंगा वाजला तरी लोकांनी त्याचे ऐकावे लागते. अमेरिकेत जॉप्लिन शहरात 22 मे 2011 च्या चक्रीवादळात दीडशेहून अधिक माणसे दगावली. भोंगे वाजले होते. पण पूर्वी अनेकदा वाजून काही घडले नव्हते, म्हणून पुष्कळांनी आणखी कशाची तरी खात्री होईपर्यंत वाट पाहिली. डल्लस शहरात 7 एप्रिल 2017 च्या रात्री कोणा खोडसाळाने बिनतारी संकेत सोडून 156 भोंगे एकदम वाजवले. हजारो लोकांनी मदतकेंद्राला फोन केले. आज्ञा कोठून आली हे न पडताळणारी व्यवस्था ही मुक्या व्यवस्थेइतकीच घातक. हवाई बेटांवरील लहैना गावात 8 ऑगस्ट 2023 च्या वणव्यात भोंगे वाजवलेच नाहीत; ते त्सुनामीचे म्हणून लोकांना परिचित असल्याने लोक डोंगराकडे, म्हणजे आगीकडे, धावतील अशी अधिकाऱ्यांना भीती वाटली. हा प्रश्न पूर्णपणे भाषेचा आहे. एकाच शब्दाला दोन अर्थ असले आणि प्रसंगाने ते उलगडले नाहीत, तर तो शब्द वापरणारा गोंधळतो.

मला सर्वांत आवडलेले उदाहरण जर्मनीचे. शीतयुद्ध संपल्यावर तेथे पुष्कळ गावांनी भोंगे उतरवून टाकले. 10 सप्टेंबर 2020 रोजी देशव्यापी इशारा-दिन योजला. ठरल्या वेळी अनेक ठिकाणी भोंगे वाजले नाहीत, मोबाइलवरील सूचना अर्ध्या तासाने पोचल्या. सरकारने चाचणी फसल्याचे उघडपणे मान्य केले, व्यवस्था सुधारली आणि 8 डिसेंबर 2022 रोजी पुन्हा चाचणी घेतली. फसलेली चाचणी ही यशस्वी चाचणी असते, कारण तिने सुप्त बिघाड उघड केलेला असतो. आपल्याकडे ‘चाचणी यशस्वीपणे पार पडली’ असे छापण्याची जी घाई असते, तिच्याकडे या दृष्टीने पाहावे.

7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली. मध्य प्रदेशातून भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर आणि कटनी ही शहरे तिच्यात होती. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला आपला पांढुर्णा जिल्हा तिच्यात नव्हता. तथापि सौंसरजवळ बोरगावची औद्योगिक वसाहत आहे, जवळून नद्या वाहतात. शेजारच्या परासिया भागातील न्यूटन चिखली कोळसा खाणीत 10 डिसेंबर 1954 रोजी पाणी शिरून 63 कामगार मरण पावले, हे जुन्या जिल्ह्याच्या स्मृतीत आहेच. मोबाइलवर थेट येणाऱ्या आपत्कालीन संदेशांच्या चाचण्या 2023 पासून आपणही अनुभवल्या आहेत. ते साधन मोलाचे आहे. पण नदीत गुरे धुणाऱ्याचा फोन काठावरच्या सदऱ्याच्या खिशात असतो.

शाळेने या विषयात काय करावे, असे व्याख्यानानंतर विचारले गेले. एक लहानसे काम सुचवतो. परिसरातील कारखाना, धरण किंवा नगरपालिका यांचा भोंगा चाचणीसाठी वाजेल त्या दिवशी विद्यार्थ्यांनी ठरलेल्या आठ-दहा ठिकाणी उभे राहावे : बाजार, रेल्वे फाटक, नदीचा घाट, एखादी बाग, आणि कूलर चालू असलेली एक बंद खोली. प्रत्येकाने चार रकाने भरावेत : ऐकू आला काय; किती वाजता; चढउताराचा की एकसुरी; वारा कोणत्या दिशेचा. हा कागद संबंधित कार्यालयाला द्यावा आणि एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. भोंग्याचा अर्थ सांगणारे फलक हिंदीसोबत मराठीतही असावेत, असा अर्ज त्याच कागदाला जोडता येईल, कारण येथे कचेरीची भाषा हिंदी असली तरी अपरात्री दचकून उठलेली आजी नातवाला जे विचारते ते मराठीत विचारते. पहिली नोंद पावसाळ्यापूर्वी, मे अखेरच्या एखाद्या दुपारी घ्यावी आणि दुसरी दिवाळीनंतरच्या थंड सकाळी. दोन्हींतील फरक विज्ञानाच्या तासाला फळ्यावर मांडण्याजोगा असेल.